इंग्लिशचा क्लास लावताय? आधी शिकवणारा कोण ते बघा

बारावी झाली किंवा इंटरव्ह्यूत अडकलं की आपली पोरं विचारतात कुठलं अ‍ॅप घेऊ, कुठलं पुस्तक घेऊ, कुठला क्लास स्वस्त पडेल. शिकवणार कोण हे कुणीच विचारत नाही आणि खरा फरक तिथेच पडतो असं माझं ठाम मत आहे. बघा ना, आपल्या मराठी शाळांत इंग्रजी आधी पाचवीपासून असायचं, २००० साली ते पहिलीपासून केलं, म्हणजे चार वर्षं वाढली, तरी बारावी झालेला हुशार मुलगा फोनवर दोन वाक्यं इंग्लिशमध्ये बोलायचं म्हटलं की गप्प होतो. वर्षं वाढली पण बोलून घेणारं माणूस प्रत्येक वर्गाला मिळालं नाही ना.

तर माणूस निवडायचा कसा ते सांगते.

डेमो लेक्चरला बसा, बहुतेक ठिकाणी फुकट असतं. पण सरांचं इंग्लिश किती फाडफाड आहे ते बघू नका, पोरं किती बोलली ते बघा. तासभर सरच बोलत राहिले आणि पोरांनी फक्त फळ्यावरचं उतरवून घेतलं तर तो क्लास सोडा, वही भरेल पण तोंड उघडणार नाही.

मग मुद्दाम एक चूक करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. म्हणा, "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स." साधा शिक्षक म्हणेल चूक आहे, असं म्हण, आणि पुढे जाईल. चांगला शिक्षक थांबतो, कारण चूक कुठून आली ते त्याला माहीत असतं. आपण मराठीत "पाच वर्षांपासून राहतोय" म्हणतो, ते "पासून" आणि ते "राहतोय" जसंच्या तसं तिकडे गेलं. तो सांगेल की किती काळ हे सांगायचं तर फॉर, कधीपासून हे सांगायचं तर सिन्स, आणि क्रियापद हॅव्ह बीन लिव्हिंग. आणि लगेच तुमच्याकडून तुमच्याच घरची, नोकरीची चार वाक्यं बोलून घेईल. "व्हाय यू आर लेट", "आय डिडन्ट वेन्ट" ह्या पण अशाच आपल्या नेहमीच्या चुका, ह्या ज्याला पाठ आहेत तो माणूस आपल्या कामाचा. म्हणून मराठी येणारा शिक्षक मिळाला तर कमी समजू नका, फक्त त्याने पूर्ण तास मराठीत घालवू नये एवढं बघा.

उच्चारांचंही तसंच. वाइन (wine) आणि व्हाइन (vine, म्हणजे वेल) ह्यात आपली गल्लत होते, तिथे नुसतं "नीट म्हण" सांगून काही होत नाही. एकाला ओठ गोल करायचे, दात लावायचेच नाहीत, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. हे जो समोर बसून करून दाखवतो आणि तुमचं तोंड बघून सांगतो की आता बरोबर आलं, तो खरा शिक्षक.

अजून एक, कुणी चुकलं की वर्गात हसू होतं का ते बघा. हसणाऱ्यांना सर थांबवत नसतील तर तिथे लाजरी मुलं पुन्हा तोंड उघडत नाहीत, मग बाकी सगळं कितीही भारी असो. आणि "तीस दिवसांत अस्खलित" लिहिलेल्या बोर्डापासून लांबच राहा प्लीज.

गावात असं कोणी नसेल तर? शाळेतल्याच ज्या मॅडम बऱ्या वाटतात त्यांना जाऊन भेटा, आठवड्यातून अर्धा तास फक्त बोलायला द्याल का विचारा, मनापासून शिकवणाऱ्याला असं विचारलेलं आवडतंच. किंवा व्हिडिओ कॉलवर शिकवणारं कोणी शोधा, परीक्षा तीच, चूक करून बघायची. अ‍ॅप आणि यूट्यूब ठेवा की, शब्द वाढवायला आणि कानाला सवय लागायला चांगलेच आहेत, पण तुमचं वाक्य नेमकं कुठे घसरलं आणि का, ते ओळखीच्या माणसासारखं तुम्हाला कोण सांगणार?

फी शक्यतो महिन्याची भरा, वर्षाची एकदम नको. पहिल्या दिवशी स्वतःचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, महिनाभरानंतर पुन्हा रेकॉर्ड करून त्याच्याशी ताडून बघा, आणि ती दोन्ही रेकॉर्डिंग शिक्षकांनाच ऐकवा, पुढच्या महिन्यात कशावर काम करायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.