पोरांसाठी अंगणातले रंग

चित्रं काढायला महागडे कलर्सच लागतात असं काही नाही, पोरांना अंगणात नाहीतर सोसायटीच्या गार्डनमध्ये न्या. गोकर्णाची 10-12 फुलं वेचायला लावा, गरम पाण्यात टाका (हे आपण करायचं), निळा रंग सुटतो आणि मग लिंबू पोरांनाच पिळायला द्या, निळ्याचा जांभळा-गुलाबी होताना बघून जाम ओरडतात! हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की लालसर होतं. चुन्यानेही होतं पण लहानांच्या हातात चुना नकोच, डोळ्यात गेला तर वाट लागते. पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ, पाणी, थोडा डिंक. ब्रश म्हणजे बांबूची काडी, टोक ठेचून घ्यायचं, वारलीवाले तशीच वापरतात. आणि हो, जुने कपडे घाला, हळदीचे डाग लवकर जात नाहीत.