वस्तऱ्याची धार पट्ट्यावर राखताना या चुका टाळा

वरच्या ओठावरचे केस कापले जाण्याऐवजी ओढले जाऊ लागले, की घरी वस्तऱ्याने दाढी करणाऱ्याचा हात बहुतेक वेळा धार घासण्याच्या पेस्टच्या डबीकडे जातो. धार कमी झाली, तेव्हा ती घासून परत आणावी, हा विचार वरवर पाहता बरोबरही वाटतो. परंतु माझ्या पाहण्यात आलेल्या बिघडलेल्या धारांपैकी बहुतेक धारा पट्ट्यावर, म्हणजे वस्तरा ज्यावर फिरवून धार राखतात त्या कापडाच्या किंवा चामड्याच्या पट्टीवर, हात चुकल्यामुळे किंवा पेस्ट अवेळी आणि अति लावल्यामुळे बिघडल्या होत्या. म्हणून डबी उघडण्याआधी दोष नेमका कोठे आहे, हे शोधणे आवश्यक आहे.

त्यासाठी साध्या, म्हणजे पेस्ट न लावलेल्या पट्ट्याचे काम आणि त्याची मर्यादा समजून घ्यावी. कापडी पट्टा धारेवरचा साबण, ओलावा आणि गंजाची पहिली छटा पुसून काढतो. चामड्याचा पट्टा धारेचा किंचित मुडपलेला काठ पुन्हा रेषेत आणतो आणि गुळगुळीत करतो. गेलेले पोलाद मात्र यांपैकी कोणीही परत आणू शकत नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की, केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही धारेचे सूक्ष्म टवके उडवू शकतो. पोलादाची अंतर्गत रचना जेथे एकसारखी नसते आणि केस जेथे तिरपा वाकतो, तेथे हे घडते. त्यांचे प्रयोग वापरून फेकायच्या रेझरच्या पात्यांवर झाले होते, तरी वस्तऱ्यालाही झीज चुकलेली नाही. मळलेली किंवा मुडपलेली धार पट्ट्यावर सुधारते, थोडे टवके उडालेली धार पेस्टवर सुधारते आणि गोल झालेली किंवा दाते पडलेली धार सहाणेवरच न्यावी लागते. या तीन अवस्थांमधला फरक न ओळखणे, ही पहिली चूक.

पट्ट्यावरचा हात

वस्तऱ्याची रचनाच अशी असते की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी पट्ट्याला टेकल्या म्हणजे योग्य कोन आपोआप मिळतो. दोन्ही बाजू मिळून हा कोन बहुतेक वस्तऱ्यांत साधारण १५ ते १८ अंश असतो. ओढताना पाठ केसभरही उचलली गेली, तर धार चामड्यात रुतत जाते आणि एका फेरीत तिचा काठ गोल होतो. पन्नास चांगल्या फेऱ्यांनी मिळवलेले अशा एका फेरीने जाते, म्हणूनच ‘काल वस्तरा उत्तम चालत होता आणि आज अचानक ओढतो’ अशी तक्रार ऐकली, की मी प्रथम पाठ उचलली गेली का, हेच विचारतो.

पाठ उचलली जाते ती बहुधा वळवताना. फेरीच्या शेवटी मनगट फिरवून वस्तरा उलटवण्याची सवय अनेकांना असते. त्याऐवजी मूठ आणि पाते यांच्यामधली मान अंगठा व तर्जनी यांच्यात धरून, पेन्सिल बोटांत फिरवावी तशी फिरवावी. वळताना पाठ पट्ट्यावरच टेकलेली राहावी आणि धार तिच्यावरून पलीकडे जावी. पुढे ओढण्याची दिशा नेहमी पाठ आधी, धार मागे अशीच असते. घाईत वळण पूर्ण होण्याआधीच हात परत फिरला, तर धार पुढे जाते आणि पट्टा कापला जातो. माझ्या पहिल्या पट्ट्यावर खालच्या टोकापासून वीतभर अंतरावर नखाच्या आकाराची एक चीर आजही आहे, आणि ती नेमकी अशाच वळणावर पडलेली आहे. वेगाने पट्टा चालवणाऱ्या जुन्या कारागिरांचे अनुकरण पहिल्या वर्षी करू नये. सावकाश केलेल्या तीस फेऱ्या घाईने केलेल्या शंभर फेऱ्यांपेक्षा अधिक काम करतात.

ढिला पट्टा आणि जड हात हे एकाच दोषाचे दोन भाग आहेत. पट्टा बाजेच्या नव्या नवारीसारखा ताठ असावा आणि त्यावर वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाहून फारसा अधिक भार पडू नये. वस्तऱ्याखाली पट्टा खाली झुकताना दिसला, तर चामडे धारेच्या काठाभोवती वर चढते आणि काठ घासून गोल करते, असे समजावे. कानही येथे उपयोगी पडतो. हात बरोबर चालत असताना येणारा आवाज दोन्ही दिशांना सारखा असतो. एका दिशेचा आवाज खरखरीत आणि दुसरीचा पुसट आला, तर एका बाजूला हात तिरपा पडत आहे.

अडीच इंच रुंदीच्या पट्ट्यावर सुमारे तीन इंच लांबीचे पाते सरळ ओढले, तर एक कोपरा सतत बाहेर राहतो. दाढी करताना गालावर वस्तरा चांगला चालतो, पण नाकाखाली, जेथे टोकाचाच उपयोग होतो, तेथे तो ओढतो, या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. अशा पट्ट्यावर फेरी तिरपी न्यावी, म्हणजे टोकापासून मुठीकडच्या कोपऱ्यापर्यंत सारी धार चामड्यावरून जाते. दाढीपूर्वी कापडावर २० ते २५ आणि चामड्यावर ५० ते ६० फेऱ्या हा माझा नेम आहे. दाढीनंतर पाते पुसून कापडावर आणखी दहाएक फेऱ्या करतो, त्या ओलावा घालवण्यासाठी.

पेस्ट: केव्हा, कोठे, किती

पेस्टमध्ये पोलाद घासणारे कण असतात आणि त्यांचा आकार मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. हिरव्या क्रोमियम ऑक्साइडचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे असतात. हिऱ्याच्या भुकटीच्या पेस्ट १, ०.५ आणि ०.२५ मायक्रॉन अशा मिळतात. लाल आयर्न ऑक्साइडही वापरात आहे. मात्र रंगावर विसंबू नये, कारण रंगांचा संकेत सर्व उत्पादकांमध्ये एकच नाही. काही जर्मन मालिकांमधली पिवळी पेस्ट तर घासण्याची नसतेच, ती चामडे मऊ ठेवण्यासाठी असते. हार्डवेअरच्या दुकानात धातूला झिलई देण्यासाठी ज्या हिरव्या वड्या मिळतात, त्यांत बरेचदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे मोठे कण मिसळलेले असतात. त्या सुरीसाठी चालतील, वस्तऱ्यासाठी वापरू नयेत.

पेस्ट जाड थापणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. थर इतका पातळ हवा की खालच्या चामड्याचा किंवा लाकडाचा रंग त्यातून दिसावा. जाड थराच्या गुठळ्या होतात आणि धार त्यांवर आदळते. थर जाड झालाच असेल, तर पोलादी पट्टीच्या कडेने तो हलक्या हाताने खरवडून काढावा आणि उरलेला कोरड्या कापडाने पुसावा.

रोजच्या चामड्यावर पेस्ट कधीही लावू नये. एकदा पेस्ट लागलेला पट्टा पुन्हा साधा होत नाही, विशेषतः हिऱ्याचे कण लागलेला. पेस्टसाठी वेगळी फळी ठेवावी. काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट केलेले बाल्सा लाकूड मला सर्वांत पसंत आहे, कारण ते चामड्यासारखे दबत नाही. प्रत्येक पेस्टला स्वतंत्र पृष्ठभाग असावा, आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना पाते पुसून घ्यावे. मोठ्या कणांची पेस्ट बारीक पेस्टवर गेली, की बारीक पेस्टचा उपयोग संपला.

पहिल्या वर्षी मी दर आठवड्याला हिरव्या पेस्टवर वस्तरा फिरवत असे आणि तीन महिने परिणाम उत्तम होता. चौथ्या महिन्यात हातावरचे केस सफाईने उडत असूनही हनुवटीवर वस्तरा अडू लागला. ६० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धार दिव्यासमोर धरली, तेव्हा तिच्या काठावर प्रकाशाची एक अखंड बारीक रेघ चमकताना दिसली. खऱ्या धारेचा काठ प्रकाश परावर्तित करत नाही. जो चमकतो, तो गोल झालेला असतो. चामड्यावरची पेस्ट प्रत्येक वेळी काठाला थोडी गोलाई देत जाते आणि ती साचत जाते. तेव्हापासून मी सहा ते आठ आठवड्यांतून एकदाच, १० ते १५ फेऱ्यांपुरती पेस्ट वापरतो आणि नंतर साध्या चामड्यावर नेहमीच्या फेऱ्या करतो. अशा दोन प्रयत्नांनंतरही फरक पडला नाही, तर तिसरा प्रयत्न न करता वस्तरा ८००० आणि मग १२००० ग्रिटच्या सहाणेवर नेतो (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितकी सहाण बारीक).

पेस्ट धारेपर्यंत पोहोचते की नाही, हे मार्करने पाहता येते. धारेलगत शाईची रेघ ओढावी, फळीवर एकच हलकी फेरी करावी आणि शाई कोठे पुसली गेली ते भिंगातून पाहावे. शाई धारेपासून थोडी मागेच पुसली गेली, तर कोन जुळलेला नाही. सहाणेवर धार लावताना पाठीला चिकटपट्टी लावली होती आणि नंतर ती काढून टाकली, तर कठीण फळीवर हमखास असे होते. तेव्हा पेस्टच्या फेऱ्यांपुरती तीच पट्टी तेवढ्याच थरांत पुन्हा लावावी.

धार तीक्ष्ण असूनही दाढीनंतर कातडी जळजळत असेल, तर पेस्ट वाढवू नये. केवळ हिऱ्याच्या पेस्टवर थांबलेली धार पुष्कळांना कडक लागते. त्यानंतर क्रोमियम ऑक्साइडवर आठ-दहा फेऱ्या आणि चामड्यावर साठ फेऱ्या केल्यास ती सौम्य होते.

अंगठ्याच्या नखावर धार ओढून पाहण्याची सवय सोडावी, कारण त्याने लावलेली धार खराब होते. लोंबता केस धारेवर टेकवून तुटतो का, ही परीक्षा निरुपद्रवी आहे. मात्र प्रत्येकाचा केस वेगळा असतो, म्हणून ताजा धुतलेला, एकाच व्यक्तीचा केस मुळाच्या बाजूने धरून वापरावा.

चामडे, तेल आणि पावसाळा

कमरेचा पट्टा हा वस्तऱ्याचा पट्टा नव्हे. त्यावरचा रंग, शिवण आणि ठसे धारेला अपाय करतात. खोबरेल किंवा अन्य खाद्य तेल चामड्याला चोळू नये, कारण ते खवट होते आणि चिकट थर धरते. स्वच्छ, कोरडा तळहात दररोज चामड्यावर दहा-वीस वेळा फिरवणे बहुतेक पट्ट्यांना वर्षभर पुरते. कडेला उचललेली लहान चीर रबराच्या चिकटद्रव्याने बसवून, वाळल्यावर पॉलिश पेपरने सपाट करता येते. मध्यभागी आरपार चीर असेल, तर पट्टा बदलावा.

आपला पट्टा दुसऱ्याच्या वस्तऱ्यासाठी देऊ नये. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो आणि चामडे उकळून किंवा जंतुनाशकात बुडवून शुद्ध करता येत नाही. आपल्याकडच्या केशकर्तनालयांत आता प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे ब्लेड घातलेला वस्तरा वापरतात, तो याच कारणासाठी.

कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत कार्बन पोलादाची धार जून ते सप्टेंबर या काळात वापराविनाही खराब होते, कारण गंज सर्वांत पातळ जागी, म्हणजे काठावरच आधी बसतो. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये. दाढीनंतर पुसून, कापडी पट्ट्यावर फिरवून त्याला खनिज तेलाचा एक थेंब बोटाने लावावा आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. दाढीपूर्वी हे तेल पूर्ण पुसल्याशिवाय वस्तरा चामड्याला लावू नये. पट्टा गुंडाळून कपाटात न ठेवता आतल्या खोलीत, भिंतीपासून सुटा टांगावा. त्यावर पांढरी बुरशी दिसली, तर ती घराबाहेर जाऊन कोरड्या फडक्याने पुसावी आणि पट्टा सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस वाळू द्यावा. उन्हात ठेवल्यास चामडे वाकते आणि मग त्यावर पाठ व धार एकत्र टेकत नाहीत.