पेटंटची किंमत काढायला शिकताना: नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सातपूर किंवा अंबडचा एखादा कारखानदार पेटंटची किंमत काढून घ्यायला येतो, तेव्हा सोबत सर्टिफिकेट आणतो. किमतीचं काम मात्र त्या कागदावरून होत नाही. स्पेसिफिकेशनच्या, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनाच्या, शेवटी क्लेम असतात, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय ती वाक्यं. काम तिथून सुरू होतं. मी मेकॅनिकल करून अंबडच्या एका टूलरूममध्ये काही वर्षं काढली, मग लॉ केलं आणि आता पेटंटच्याच कामात आहे. या क्षेत्रात येऊ पाहणारी इंजिनिअरिंगची, लॉची, सीए करणारी मुलं विचारतात, की सूत्र कुठलं वापरायचं? सूत्रं आठवडाभरात येतात. क्लेम वाचायला वर्षं लागतात, आणि किंमत ठरते ती तिथेच.

पेटंट हा दुसऱ्याला अडवण्याचा हक्क आहे. समजा, एका फिक्स्चरच्या (मशीनवर जॉब घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाच्या) क्लेममध्ये ‘हायड्रॉलिक सिलिंडर’ असं लिहिलंय. शेजारच्या गाळ्यातल्याने तेच काम न्यूमॅटिकवर, म्हणजे तेलाऐवजी हवेच्या दाबावर, केलं, तर तो बहुधा सुटला. तिथे ‘क्लॅम्पिंगचं साधन’ असं मोघम लिहिलं असतं तर तो अडकला असता. पण तसलं काही आधीच कुठे प्रसिद्ध झालेलं सापडलं, तर पेटंट कायद्याच्या कलम ६४ खाली पेटंटच रद्द होऊ शकतं. म्हणून मी आधी एकच प्रश्न विचारतो: या क्लेमला वळसा घालून हेच काम करायला स्पर्धकाला किती खर्च येईल? तो खर्च दोन लाख असेल, तर कुठलाही शहाणा माणूस दहा लाख रॉयल्टी (पेटंट वापरण्याचा मोबदला) देणार नाही. या प्रश्नाचं उत्तर एक्सेलमध्ये नसतं, शॉप फ्लोअरवर असतं. नाशिकच्या मुलांकडे इथे मोठी जमेची बाजू आहे. मशीनिंग, शीट मेटल, ऑटो पार्ट्स यांतलं काय सोपं आणि काय अवघड, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आता पद्धती. तीन आहेत. खर्चावरून काढायची पद्धत सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत कमी उपयोगाची. ट्रायलला, डायला, वकिलाला किती लागले याचा बाजारातल्या किमतीशी फारसा संबंध नसतो. दुसरी पद्धत बाजारभावाची. तशाच पेटंटचे व्यवहार बघायचे, पण पेटंटांचे सौदे बहुतेक गुप्त राहतात आणि दोन पेटंटं सारखी नसतात. कळलेले सौदे बघितले तरी फरक चक्रावून टाकतो. २०११मध्ये नॉर्टेल या बुडालेल्या कंपनीची सुमारे ६,००० पेटंटं ४.५ अब्ज डॉलरला गेली, कारण एकीकडे ॲपल, मायक्रोसॉफ्ट यांचा गट आणि दुसरीकडे गुगल अशी चुरस लागली होती. पुढच्याच वर्षी कोडॅकच्या सुमारे १,१०० पेटंटांची किंमत तज्ज्ञांनी २ अब्ज डॉलरच्या वर सांगितली होती; प्रत्यक्षात सौदा साधारण ५२ कोटी डॉलरचा झाला. त्या वेळी इच्छुक एकत्र आले होते आणि कोडॅक अडचणीत होती. घेणारा कोण आणि विकणाऱ्याला घाई किती, हे कुठल्याही तक्त्याइतकंच महत्त्वाचं.

तिसरी पद्धत उत्पन्नाची. रोजच्या कामात हीच चालते. हे पेटंट आपलं नसतं तर किती रॉयल्टी भरावी लागली असती, तेवढी वाचली, असं धरायचं. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पेटंट असलेल्या मशीनची विक्री वर्षाला ४ कोटी, त्या धंद्यात पटण्याजोगी रॉयल्टी ३ टक्के. म्हणजे वर्षाला १२ लाख. पाव भाग कर गेला, उरले ९ लाख. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते. समजा त्यातली ११ उरलीत, पण सहा वर्षांत हे तंत्र जुनं होईल असं दिसतंय. २० टक्के डिस्काउंट रेटने (पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत काढायला दरवर्षी धरायची घट) सहा वर्षांच्या ९-९ लाखांची आजची किंमत येते सुमारे ३० लाख. पूर्ण ११ वर्षं धरली तरी ती ३९ लाखांच्याच आसपास जाते. याउलट कोर्टात पेटंट टिकण्याची शक्यता ६० टक्केच वाटत असेल, तर ३० लाखांचे १८ होतात. बघा, मुदतीपेक्षा क्लेमच्या मजबुतीने आकडा जास्त हलला. (ही जोखीम डिस्काउंट रेटमध्ये आधीच धरली असेल, तर पुन्हा वजा करायची नाही.)

रॉयल्टीचा टक्का कुठून आणायचा? अमेरिकेत बरीच वर्षं ‘नफ्याचा चौथा हिस्सा’ हा ढोबळ नियम चालायचा. २०११मध्ये युनिलॉक विरुद्ध मायक्रोसॉफ्ट खटल्यात तिथल्या कोर्टाने तो धुडकावला, कारण त्याचा समोरच्या पेटंटशी काही संबंधच नव्हता. आपल्याकडे अभ्यासावा असा निकाल पेटंटची मालक बायर आणि भारतीय औषध कंपनी नॅटको यांचा. कॅन्सरवरच्या नेक्साव्हर औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २.८० लाख रुपये होता. नॅटकोने ८,८०० रुपयांत द्यायची तयारी दाखवली. २०१२मध्ये नॅटकोला सक्तीचा परवाना (मालकाची संमती नसतानाही सरकारने दिलेली वापराची परवानगी) मिळाला, रॉयल्टी ठरली ६ टक्के, आणि पुढच्या वर्षी अपिलात ती ७ टक्के झाली. औषधाचा आकडा उचलून मशीनला लावू नका. त्या टक्क्यामागची कारणं वाचा.

मालकीचा मुद्दा मात्र प्रत्येक फाइलीत आधी तपासा. आपल्या भागात दोन भाऊ किंवा दोन भागीदार मिळून पेटंट घेतात, ते पुष्कळ दिसतं. कलम ५० प्रमाणे वेगळा करार नसेल, तर दोघांचा समान अविभक्त हिस्सा असतो. प्रत्येक जण स्वतः ते वापरू शकतो आणि त्यातून झालेल्या कमाईचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही. पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय लायसन्स (बाहेरच्याला वापराची परवानगी) देता येत नाही, हिस्सा विकताही येत नाही. भावाभावांत बोलणं बंद असेल तर बाहेरच्या खरेदीदाराला त्या पेटंटचा जवळपास उपयोग नाही. नोकरीतल्या इंजिनिअरने शोध लावला असेल, तर त्याच्याकडून कंपनीच्या नावे लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्काचं हस्तांतर, झालंय का, तेही पाहा. नुसतं तोंडी ठरलेलं कलम ६८ पुढे टिकत नाही. आणि रिन्यूअल फी भरलीय का? ती थकली तर सहा महिने वाढवून मिळतात. त्यानंतर पेटंट बंद पडतं आणि बंद पडल्यापासून १८ महिन्यांत अर्ज केला तरच ते परत जिवंत करता येतं.

माहितीसाठी पेटंट ऑफिसची मोफत वेबसाइट रोज उघडा. तिथे फॉर्म २७ सापडतो. पेटंट भारतात वापरात आहे की नाही, हे मालकाने स्वतः त्यात लिहून दिलेलं असतं. २०२०च्या नमुन्यात अंदाजे मिळकतही भरावी लागे. मालक तुम्हाला एक विक्री सांगतो आणि फॉर्ममध्ये ‘वापरात नाही’ असं असेल, तर त्यालाच विचारा.

दिंडोरी, पिंपळगावकडचे शेतकरी द्राक्षाच्या नव्या वाणाचं पेटंट मिळेल का विचारतात. भारतात कलम ३(जे) मुळे वाणाला पेटंट नाही. त्यासाठी २००१चा वेगळा कायदा आहे, द्राक्षवेलीसाठी संरक्षण १८ वर्षांपर्यंत. किंमत काढायची रीत बरीचशी तीच, फक्त विक्रीऐवजी एकर आणि रोपं मोजायची.

परीक्षांचं थोडक्यात. पेटंट एजंट (पेटंट ऑफिसपुढे अर्जदाराचं काम बघणारा) व्हायला विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, नुसती लॉची चालत नाही. कंपनी कायद्याखाली ग्राह्य अहवालावर सही करायची असेल, तर कलम २४७ प्रमाणे रजिस्टर्ड व्हॅल्युअर व्हावं लागतं. ती नोंदणी आयबीबीआयकडे, म्हणजे केंद्राच्या दिवाळखोरी मंडळाकडे. नाशिकचे अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातात, पण सुनावण्या बहुतेक व्हिडिओवर होतात, त्यामुळे इथे राहून काम करता येतं. खटला जिल्हा न्यायालयात सुरू झाला तरी समोरच्याने ‘पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा लावला, की तो हायकोर्टात जातो. खर्चाचा अंदाज सांगताना कारखानदाराला हे आधीच सांगा.

पहिल्या महिन्यात एवढं करा: आपल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही कंपनीचं मंजूर झालेलं एक पेटंट घ्या, पहिला क्लेम हाताने लिहून त्याचे तुकडे पाडा, आणि प्रत्येक तुकड्यापुढे तो टाळायला काय लागेल ते लिहा. मग एखाद्या टूलरूमवाल्याला तो कागद दाखवा आणि तो काय खोडतो ते बघा.