ऑनलाइन कोर्सचा अभ्यासक्रम एचटीएमएलमध्ये नीट कसा मांडावा

अभ्यासक्रमाचं पान सहसा कुणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत नाही. विद्यार्थी काहीतरी शोधायला येतो: चौथ्या आठवड्यात काय आहे, असाइनमेंट कधी द्यायची, गुण कशाला किती. पाहू शकणाऱ्याला ते मोठ्या, ठळक अक्षरांवरून सापडतं. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकणाऱ्याला अक्षरांच्या आकाराचा काही उपयोग नाही, त्याला वाट दाखवतो तो टॅग, म्हणजे मजकुराचा तुकडा काय आहे हे सांगणारी एचटीएमएलची खूण. म्हणून रंगरूपाला हात लावण्याआधी रचना पक्की करा.

सुरुवात शीर्षकांपासून. कोर्सचं नाव ‘एच१’मध्ये, वेळापत्रक, मूल्यमापन, संदर्भ पुस्तकं हे विभाग ‘एच२’मध्ये, त्यांतले उपविभाग ‘एच३’मध्ये. अक्षर लहान हवं म्हणून ‘एच२’नंतर थेट ‘एच४’ घेऊ नका. आकार सीएसएसने, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेने, बदलतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ची कळ दाबत वाचक एकेका शीर्षकावर जातो. ‘डिव्ह’ हा स्वतःचा अर्थ नसलेला टॅग ठळक करून केलेलं शीर्षक त्याला त्या वाटेवर भेटतच नाही.

मुख्य मजकूर ‘मेन’मध्ये आणि विभागांच्या लिंक ‘नॅव’मध्ये ठेवा.

खरी कसोटी वेळापत्रकाच्या तक्त्याची, तिथे घाई करू नका. तक्त्याला ‘कॅप्शन’, म्हणजे नाव, द्या. वरच्या ओळीतली ‘विषय’, ‘असाइनमेंट’, ‘मुदत’ ही नावं ‘टीएच’ या तक्त्याच्या शीर्षकाच्या टॅगमध्ये लिहा आणि त्यांचा ‘स्कोप’ ‘कोल’ (रकाना) ठेवा. डावीकडचा ‘आठवडा ४’सुद्धा ‘टीएच’च, पण त्याचा स्कोप ‘रो’ (ओळ). मग तक्त्यात फिरताना नुसतं ‘निबंध’ कानावर पडत नाही. तो कोणत्या आठवड्याचा आणि कोणत्या रकान्यातला, हेही कळतं. तारखा ‘टाइम’ टॅगमध्ये घाला. वाचकाला १४ ऑगस्ट दिसू दे, पण त्या टॅगच्या ‘डेटटाइम’मध्ये वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने आणि इंग्रजी अंकांतच लिहा.

पान मराठीत असेल तर ‘एचटीएमएल’ टॅगवर भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ची किंमत ‘एमआर’ (मराठी) द्यायला विसरू नका. ती नसली तर स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचू शकतो. इंग्रजी पुस्तकाच्या नावापुरता ‘ईएन’ लावा.

आता सीएसएस. देवनागरीत वर-खाली मात्रा-उकार असतात, म्हणून ‘लाइन-हाइट’, म्हणजे ओळीची उंची, १.६च्या आसपास ठेवा. ‘लेटर-स्पेसिंग’, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, मात्र वाढवू नका: ‘वेळापत्रक’वरची शिरोरेखा तुटते आणि अक्षरं सुटी पडतात. नेहमीच्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, असं डब्ल्यूसीएजी ही वेब पानं सर्वांना वापरता यावीत यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मुदत नुसती लाल करून भागत नाही, शेजारी ‘अंतिम मुदत’ असं लिहा. अभ्यासक्रम छापून घेणारेही असतात. ‘मीडिया प्रिंट’मध्ये, म्हणजे छपाईपुरत्या सीएसएसमध्ये, ‘नॅव’ लपवा आणि तक्त्याच्या ओळींना ‘ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’ द्या, म्हणजे एकच ओळ दोन पानांत तुटणार नाही.

शेवटी सीएसएस बंद करून पान वाचून पाहा. साध्या काळ्या-पांढऱ्या मजकुरातही चौथ्या आठवड्याची मुदत चटकन सापडली नाही, तर पुन्हा शीर्षकं आणि तक्ता तपासा.