डॅट परीक्षा पुन्हा देण्याआधी किती अभ्यास करावा?

अमेरिकेतील दंतवैद्यक महाविद्यालयांसाठीची डॅट परीक्षा पुन्हा द्यायची असेल, तर किती आठवडे लागतील हे ठरवण्याआधी जुने गुणपत्रक समोर ठेवून गुण नेमके कोणत्या विभागात गेले ते शोधावे. जीवशास्त्राचे ४०, सामान्य रसायनशास्त्राचे ३० आणि सेंद्रिय रसायनशास्त्राचे ३० असे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असल्याने, पाया कच्चा राहिला असेल तर दोन ते तीन महिने द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ वेळ अपुरा पडला असेल, तर ६ आठवडेही पुरतात. (दोन प्रयत्नांमध्ये सक्तीचे अंतर असते, तो नियम आधी पाहून घ्यावा.)

आकृत्यांच्या विभागाची गोष्ट वेगळी आहे. घडी घातलेल्या कागदाला पाडलेली भोके उलगडल्यावर कुठे दिसतील, हे ओळखणे घोकंपट्टीने साधत नाही. त्यासाठी रोज २० मिनिटे, पहिले काही दिवस खराच कागद दुमडून आणि टोचून, सराव करावा. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चुकण्याचे कारण वहीत लिहावे. पूर्ण वेळ लावून दिलेल्या तीन सराव परीक्षांत अपेक्षित गुण सलग मिळाले, की मगच तारीख नक्की करावी.