ॲल्युमिनियम पत्र्याची आर-व्हॅल्यू काढताना या चुका टाळा

एकाच पत्र्याच्या तीन नमुन्यांची आर-व्हॅल्यू तीन तऱ्हांची आली, तर टेन्साइल मशीनवर संशय घेण्याआधी मायक्रोमीटर कुठे टेकवला होता ते आठवा.

आर-व्हॅल्यू म्हणजे पत्रा ताणल्यावर रुंदीतली विकृती (मूळ मापाच्या तुलनेत झालेला बदल) भागिले जाडीतली विकृती. व्याख्येत जाडी आहे म्हणून थेट जाडीच मोजायची, ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. हिशोब करून पाहा. पत्रा १ मिमी जाड, नमुना २० मिमी रुंद, खरी आर-व्हॅल्यू ०.७. नमुना १५ टक्के लांबवला की जाडी उरते ०.९२ मिमी. ती वाचताना ०.०१ मिमी चुकलं, तर उत्तर ०.६२ येईल नाहीतर ०.८१. रुंदी मोजताना मात्र याच्या दुप्पट, ०.०२ मिमी चुकलं तरी उत्तर ०.६८ ते ०.७२ मध्येच राहतं. म्हणून लांबी आणि रुंदी मोजा, आणि आकारमान बदलत नाही हे धरून जाडीची विकृती काढा. आयएसओ १०११३ हे या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानकही हेच सांगतं. विकृती लॉगरिदमनेच (नवं माप भागिले जुनं माप, त्याचा लॉगरिदम) काढायची, साध्या टक्केवारीने नाही.

रुंदी एकाच जागी मोजून थांबू नका, गेज लेंथमध्ये (नमुन्यावर मोजणीसाठी आखलेल्या लांबीत) निदान तीन ठिकाणी घ्या. शिअरिंगने कापलेल्या कडेला बर (धातूची खरबरीत धार) असते, शिवाय ती कड कडक झालेली असते. कडा मिलिंग करून घ्या. नेकिंग (एकाच जागी नमुना बारीक होत जाणं) सुरू झाल्यावरचं वाचन सरळ टाकून द्या.

लोड असतानाच एक्स्टेन्सोमीटरने (नमुन्याला लावलेल्या, लांबी-रुंदीतला बदल मोजणाऱ्या उपकरणाने) वाचन घेत असाल, तर लवचिक विकृती (लोड काढल्यावर नाहीशी होणारा भाग) वजा करायला विसरू नका. स्टीलवर काम केलेले इथे हमखास फसतात, कारण तेवढ्याच ताणाला ॲल्युमिनियमची लवचिक विकृती जवळपास तिप्पट असते. ५००० मालिकेच्या (मॅग्नेशियम असलेल्या) मिश्रधातूंत ताण-विकृतीचा आलेख दातेरी येतो. तिथे एका बिंदूवर विसंबू नका, ठरावीक टप्प्यातल्या सगळ्या बिंदूंतून रेषा बसवा.

नमुने रोलिंगच्या दिशेशी ०, ४५ आणि ९० अंशांत कापतात. सरासरी काढताना ४५ अंशाचं मूल्य दोनदा धरून चारने भागायचं. समजा ०, ४५ आणि ९० अंशांना ०.८०, ०.४८, ०.६८ आले, सरासरी ०.६१ होते, ०.६५ नाही.

रोलिंगची दिशा पत्रा कापण्याआधीच मार्करने आखा. ० आणि ९० चे नमुने आपसांत बदलले गेले, तर सरासरी आणि डेल्टा-आर (० आणि ९० च्या सरासरीतून ४५ चं मूल्य वजा केल्यावर उरतं ते) दोन्ही तेच येतात, चूक कळतच नाही. ४५ चा नमुना बदलला गेला असेल, तर ती पकडता येते: त्याच पत्र्याचा एक कप (डायमध्ये दाबून केलेली खोल वाटी) ओढून पाहा. डेल्टा-आर धन असेल तर कपाचे कान (काठावरचे उंचवटे) ० आणि ९० अंशांना उभे राहायला हवेत. ते ४५ ला दिसले, तर पुन्हा नमुने कापा.