आठवणीतले गाणे आणि क्यू शीटवरचे गाणे

एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी मी कोकणातील आकाशवाणीच्या संगीत कार्यक्रमांत होत गेलेले बदल हा विषय घेतला. गावोगाव फिरून जुन्या श्रोत्यांच्या मुलाखती घेतल्या की इतिहासाचा सांगाडा आपोआप उभा राहील आणि कागदपत्रे नंतर आधारापुरती जोडता येतील, अशी तेव्हा माझी समजूत होती. ती पहिल्याच पावसाळ्यात मोडली. राजापूर तालुक्यातील एका निवृत्त गुरुजींनी मला बारीकसारीक तपशिलांसह सांगितले की रत्नागिरी केंद्रावरून सकाळी नाट्यपदे लागत आणि १९७१ साली, म्हणजे त्यांची थोरली मुलगी जन्मली त्या वर्षी, ती पदे ऐकूनच ते शाळेला निघत. मी ते टिपून घेतले, त्यावर चार पाने लिहिली आणि मोठ्या समाधानाने मार्गदर्शक बाईंकडे दिली. त्यांनी समासात एवढेच लिहिले, ‘रत्नागिरी केंद्र १९७७ साली सुरू झाले. मग गुरुजी काय ऐकत होते?’

गुरुजी खोटे बोलत नव्हते. दुसऱ्या भेटीत त्यांनी चामडी पिशवीतला जुना ट्रान्झिस्टर काढून दाखवला, तेव्हा त्याच्या पट्टीवर आवडत्या केंद्राची म्हणून शाईने केलेली खूण ५५० च्या आकड्याजवळ होती. रत्नागिरी मध्यम लहरींवर ११४३ किलोहर्ट्झवर लागे, तर ५५८ हे मुंबईचे. त्यांना गाणी बरोबर आठवत होती, सकाळही बरोबर आठवत होती, फक्त पुढची कित्येक वर्षे रत्नागिरी ऐकल्यामुळे केंद्राचे नाव मागे सरकून आधीच्या आठवणीला जाऊन चिकटले होते. मी घेतलेल्या मुलाखतींत ही गफलत इतक्या वेळा आढळली की या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्याला मी आता पहिली गोष्ट हीच सांगते: श्रोत्याला ‘काय ऐकत होतात’ हे विचारण्याआधी ‘काटा कुठे असायचा’ हे विचारावे आणि संच शिल्लक असेल तर त्याच्या पट्टीचे छायाचित्र घ्यावे.

काटा कुठे असायचा, याला कोकणात भूगोलाचेही उत्तर आहे. मध्यम लहरी जमिनीलगत प्रवास करतात आणि खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्यामुळे समुद्रावरून त्या जमिनीपेक्षा कितीतरी लांब जातात. त्यामुळे मुंबईचे प्रसारण किनाऱ्याकिनाऱ्याने खाली राजापूर, देवगडपर्यंत दिवसाढवळ्या पोहोचत असे. सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडचे लोक पणजी ऐकत. तिथे १९४६ पासून पोर्तुगिजांचे एमिसोरा द गोवा होते, डिसेंबर १९६१ मध्ये बांबोळीच्या प्रक्षेपण केंद्रावर बॉम्ब पडले आणि गोवा मुक्त झाल्यावर आकाशवाणीचे पणजी केंद्र आले. हिंदी चित्रपटगीतांसाठी लघुलहरींवर रेडिओ सिलोन होतेच. म्हणजे कोकणातील केंद्राने पहिले गाणे वाजवले तेव्हा त्याच्या श्रोत्याचा कान आधीच तीन-चार केंद्रांनी घडवलेला होता, आणि सुरुवातीची कार्यक्रमपत्रके त्या घडलेल्या कानाला दिलेले उत्तर म्हणून वाचली तरच नीट उलगडतात.

या पूर्वेतिहासात मात्र फार रमू नये. आमच्या विषयावरच्या बहुतेक लघुप्रबंधांत दुसरे प्रकरण ठरलेले असते: १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद केले, श्रोते सिलोनकडे वळले, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. हे सारे खरे आहे, पण केसकरांचे मंत्रिपद १९६२ मध्ये संपले आणि रत्नागिरी केंद्र त्यानंतर १५ वर्षांनी आले. विविध भारतीवर जाहिराती सुरू होऊनही तोवर १० वर्षे झाली होती. चित्रपटगीतांचे भांडण मिटल्यावर जन्मलेल्या केंद्राच्या इतिहासात त्या भांडणाला २० पाने देणे म्हणजे बारशाला आजोबांच्या लग्नाची हकिकत सांगत बसणे होय.

त्यापेक्षा आपल्याकडच्या संगीताला थेट भिडणारी एक गोष्ट या प्रकरणांत कोणी घेत नाही, ती पेटीची. आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती. ती १९७१ मध्ये सैल झाली, तीही साथीपुरती. कोकणात भजन म्हटले की बुवांच्या हाताखाली पेटी आलीच, आणि दशावतारातही गायनाला पेटीच लागते. मृदंग आणि झांजा ठेवून पेटी काढून घेतली तर बुवांनी सूर धरायचा कशावर? रत्नागिरी केंद्र हा प्रश्न सुटल्यानंतर सुरू झाले, आणि मला विचाराल तर कोकणातील केंद्राच्या संगीतासाठी १९५७ पेक्षा १९७१ हे वर्ष अधिक महत्त्वाचे आहे.

आता ‘फॉर्मॅट’ या शब्दाविषयी. खासगी एफएमच्या भाषेत फॉर्मॅट म्हणजे दिवसभर एकाच धाटणीची गाणी आणि तासाची ठरलेली आखणी: अमुक मिनिटाला नवे गाणे, अमुक मिनिटाला जाहिरात. हा अर्थ मनात धरून मी सुरुवातीला आकाशवाणीच्या कागदांत ‘फॉर्मॅट बदलल्याची तारीख’ शोधत बसले आणि ती अर्थातच मिळाली नाही. आकाशवाणीचा दिवस सभांमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या सत्रांमध्ये, आणि सभा छोट्या छोट्या खणांमध्ये विभागलेली असते. भक्तिगीते, शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, सुगम संगीत, लोकसंगीत, चित्रपटगीते असे सर्व प्रकार एकाच दिवसात नांदतात आणि त्यांत बातम्या, शेतकऱ्यांचे कार्यक्रम, मच्छीमारांसाठी हवामानाची सूचना अशी भर असते. अशा केंद्रात बदल एका रात्रीत होत नाही. एखाद्या खणाची १५ मिनिटांची १० मिनिटे होतात, तो सकाळचा दुपारी जातो, नाव तेच राहून आतला माल बदलतो. म्हणून तारीख न शोधता मिनिटे मोजावीत.

मिनिटे मोजण्यासाठी दोन वेगळे कागद लागतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला फिक्स्ड पॉइंट चार्ट, म्हणजे कोणत्या वारी किती वाजता कोणता कार्यक्रम, याचा तक्ता. केंद्राने काय वाजवायचे ठरवले होते ते यात दिसते. दुसरा कागद रोजच्या क्यू शीटचा. त्या दिवशी उद्घोषकाच्या समोर हाच असतो आणि त्यात गाण्याची ओळ, गायकाचे नाव, तबकडीचा किंवा टेपचा क्रमांक आणि वेळ लिहिलेली असते. चार्टवर ‘सुगम संगीत’ आणि क्यू शीटवर भावगीतांच्या तबकड्या संपल्यामुळे लावलेली चित्रपटातील अभंगरचना, असे चित्र मला अनेकदा दिसले. केवळ चार्टवरून इतिहास लिहिला तर तो नियोजनाचा इतिहास होतो. क्यू शीटच्या शेजारी ड्यूटी ऑफिसरची नोंदवही ठेवून वाचली तर वीज गेली, टेप अडकली, आमंत्रित कलाकार बोटीने येणार होते ते आलेच नाहीत, हेही कळते आणि एखादे वाद्यसंगीत तिथे का लागले याचा उलगडा होतो.

सर्व वर्षांची क्यू शीट कोणालाच वाचून होत नाहीत. दर पाच वर्षांनी एक आठवडा निवडून त्याची मिनिटे मांडणे ही पद्धत मी वापरली आणि ती चांगली आहे, पण आठवडा निवडताना मी जी चूक केली ती करू नये. सोयीसाठी मी सगळे आठवडे सप्टेंबरमधले घेतले. गणपती कधी ऑगस्टअखेर येतात, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. त्यामुळे माझ्या तक्त्यात एका वर्षी भक्तिसंगीत एकदम फुगले आणि पाच वर्षांनी पुन्हा ओसरले. त्याला मी ‘धोरणात्मक बदल’ असे भारदस्त नावही देऊन टाकले होते. शिमग्याचा आठवडाही असाच टाळावा. १९८४ सालचा आठवडा घेणार असाल तर ३१ ऑक्टोबरनंतरचे दिवस घेऊ नयेत, कारण इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दुखवट्यात नेहमीची गाणी बंद होऊन गंभीर वाद्यसंगीत आणि भजनेच लागत होती. जून किंवा नोव्हेंबरचा मधला आठवडा बहुतेक वर्षी निर्धोक असतो, पण दिवाळी कुठे पडली ते पंचांगात पाहूनच घ्यावा.

मोजणी हाती आल्यावर ‘असे का’ हा प्रश्न उभा राहतो आणि तिथे नवखा माणूस लगेच ‘लोकांची अभिरुची बदलली’ असे लिहून मोकळा होतो. मी आधी वस्तूंकडे पाहायला शिकले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत. १५ मिनिटांच्या नाट्यसंगीतात निवेदन धरून अशा चार तबकड्या बसत. पुढे लाँग प्ले तबकड्या आणि केंद्रातच ध्वनिमुद्रित केलेल्या टेपा आल्यावर तेच पद सहा-सात मिनिटे चालू लागले आणि त्याच १५ मिनिटांत दोनच पदे मावू लागली. चार्टवर काहीही बदलले नाही, पण ऐकणाऱ्याला मात्र ‘पूर्वी खूप पदे लागायची’ असे वाटू लागले, आणि त्याचे ते वाटणे या बाबतीत अगदी खरे होते. केंद्राच्या ध्वनिसंग्रहाची नोंदवही, जिच्यात प्रत्येक तबकडी आणि टेप कोणत्या तारखेला आली ते लिहिलेले असते, ती यासाठी जरूर मागावी. जे कपाटात नव्हते ते हवेवर गेले नाही, एवढा साधा न्याय आहे.

लोकसंगीताच्या बाबतीत मिनिटांची तंगी फार बोलकी होते. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, दोन बुवा समोरासमोर बसतात आणि एकाच्या गजराला दुसरा उत्तर देतो. रात्र सरत जाते तशी रंगत चढते. जाखडी या नाचगाण्यात शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल टाकतात. हे सारे १० किंवा १५ मिनिटांच्या खणात बसवायचे म्हणजे सामना काढून एकाच बाजूचे गाणे ठेवायचे. नमन या लोकनाट्यातील गणगौळण मुद्रित करता येते, पण पुढचे सोंग रेडिओवर दिसणार कुठे? माझ्या ओळखीचे एक बुवा ध्वनिमुद्रणाला जाण्याआधी घरी घड्याळ लावून सराव करत, आणि नंतर गावच्या बारीतही त्यांचा गजर आखूड झाल्याची तक्रार त्यांचे पखवाजी करत. केंद्राने लोकसंगीत जपले, असे सरसकट लिहिण्यापूर्वी त्याने ते किती मिनिटांचे करून जपले, हेही पाहावे.

कागद मिळवण्याचा मार्ग थोडक्यात सांगते. आधी केंद्रप्रमुखांना विद्यापीठाचे पत्र देऊन भेटावे, कारण नीट विचारले तर बरेच काही पाहायला मिळते. नाहीच जमले तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे, शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. एका कार्यालयाने मला क्यू शीट जतन करण्याची मुदत संपल्याने नष्ट केल्याचे कळवले. तेव्हा मी हिशेब शाखेकडे कलाकारांच्या करारपत्रांची चौकशी केली आणि तिथे कलाकाराची श्रेणी, संगीतप्रकार, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि मानधन अशी माहिती व्यवस्थित बांधलेली मिळाली. गाण्याचा कागद टिकत नाही, पैशाचा टिकतो.

शिवाय जमल्यास नैमित्तिक उद्घोषकाची आवाज चाचणी द्यावी. मी दिली, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले, आणि महिन्यातून मोजक्या ड्यूट्या केल्या. पण पहाटेच्या सभेत स्वतः क्यू शीट भरताना त्यात काय लिहिले जाते आणि घाईत काय राहून जाते ते समजले. ‘वाद्यसंगीत’ एवढेच लिहून पुढे गेलेल्या जुन्या उद्घोषकांवरचा माझा राग त्या दिवशी गेला.

एफएम आल्यानंतरच्या काळासाठी पुन्हा नकाशा समोर ठेवावा. एफएमचा आवाज स्वच्छ, पण तो साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो. सह्याद्रीचे फाटे आणि खाड्यांची खोरी त्याला अडवतात. मध्यम लहरींवर ऐकू येणारे गाव एफएमच्या सावलीत गेले, तर तिथल्या माणसाच्या दृष्टीने केंद्राचे संगीत बदललेले नसते, केंद्रच बंद पडलेले असते. त्यामुळे या काळातील मुलाखती घेताना गावाबरोबर ते सड्यावर, म्हणजे उंच पठारावर, आहे की खलाटीत, म्हणजे सखल भागात, हेही मी नोंदवते.

आणि संगणकाचा काळ तर सर्वांत अवघड. गाण्यांची यादी पडद्यावर लावली जाते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर नवी यादी चढते. १९८० चा आठवडा मला कागदावर सापडला, पण अलीकडच्या एका वर्षाचा सापडला नाही. म्हणून आता दर नोव्हेंबरमध्ये एक आठवडा मी प्रसार भारतीच्या मोबाइल अ‍ॅपवर आकाशवाणी लावून पहिल्या सभेपासून शेवटच्या सभेपर्यंत गाण्याची ओळ, प्रकार आणि मिनिटे वहीत उतरवते. एकटीने हे होत नाही. गेल्या खेपेस दुपारची सभा भाच्याने सांभाळली आणि त्याच्या हस्ताक्षरातील तीन गाणी मला अजून वाचता आलेली नाहीत.